खोलीचा ताप

गावाचं नाव काय.
आपल्याकडे हा प्रश्न होतो,
तिथे पाकिटावर पत्ता म्हणून लिहितात.
माली देशाच्या पश्चिम टोकाला, सेनेगाल नदीकाठी,
भोवती लोखंडी दगडाच्या लाल टेकड्या
दिवसभर ऊन पितात
आणि रात्रभर ते परत करत राहतात
थोडं थोडं, उधारी फेडावी तसं.

एप्रिल. दुपारचे तीन. वीज गेलेली.
पत्र्याखाली चटईवर नियेले,
मांडीवर सादियो, सव्वा वर्षाची.
सकाळपासून दूध नको, बाजरीची पेज नको,
कोंबडीमागे धावणंही नको.

नियेले पालथा हात कपाळावर ठेवते.
काही कळत नाही.
हात गरम, कपाळ गरम, चटई गरम,
रांजणाशेजारचा पत्र्याचा पेला
तर हातातच धरवत नाही.

तापमापक माकानने पाठवलेला,
मोंत्रेईहून,
जिथे तो रात्री दुसऱ्यांच्या कचेऱ्या पुसतो.
तिने बटण दाबलं.
अजून काखेत धरलाही नव्हता
तोच आकडे चढू लागले,
एकोणचाळीस, एक्केचाळीस,
मग आकडेच संपले, उरली एक आडवी रेघ.
ती रेघेकडे बघत राहिली,
भिंतींकडे, छपराकडे.

फोनवर माकान म्हणाला, किती आहे?
ती म्हणाली, कुणाला?

शेजारणीने पोरीला घोंगडीत गुंडाळलं होतं,
घाम आला की ताप निघतो म्हणून.
आरोग्य केंद्रातली गूंदो आली
तिने आधी घोंगडी ओढून काढली,
मग तापमापक उचलला आणि रांजणातल्या पाण्यात बुडवला.
म्हणाली, पहिल्यांदा याचा उतरवू.

पुसून, काखेत धरून, दाबून, थांबून:
एकोणचाळीस पूर्णांक दोन.
दारातल्या सावलीत शेहेचाळीस होते.
म्हणजे तापाने फणफणलेली सादियो
त्या घरातली जवळजवळ
सगळ्यात गार वस्तू होती.

हसू नकोस, गूंदो म्हणाली (नियेले हसत नव्हती).
हा आतला ताप हिने स्वतः पेटवलाय,
कोण आलंय आत ते हुसकायला.
चूल आहे ती, तिला राखणदार आहे.
बाहेरच्या आगीला कुणी राखणदार नाही.
आणि चुलीचा धूर जायला
घराबाहेर गारवा लागतो,
तो आज नाही.

बोटाला सुई, रक्ताचा एक थेंब,
पट्टीवर एकच रेघ उमटली. हिवताप नव्हता.
सादियो रडली, तोंड वासून, कोरडी.
गूंदोने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं
आणि काहीच बोलली नाही.
ते न बोलणं नियेलेला ऐकू आलं.

नियेले बर्फाची पिशवी फोडायला उठली.
बर्फ तू चोख, गूंदो म्हणाली.
हिला साधं पाणी, ओलं फडकं,
मान, काखा, जांघा,
आणि पुठ्ठ्याने वारा घाल.
मीठसाखरेचं पाणी चमच्याने.
एक चमचा, मग थांब.
ओकली तर दहा मिनिटं थांब, पुन्हा एक.
डोळे फिरले, हाकेला ओ दिली नाही,
तर माझी वाट बघू नकोस,
मोटारसायकल गाठ.

एक चमचा.
पुठ्ठा माकानच्या बुटांच्या खोक्याचा.
एक चमचा.
भिंतीवरचं ऊन पितळी झालं, मग जांभळं.
बत्तीस चमचे झाले, मग मोजणं सुटलं.
मशिदीतून हाक आली, नदीवरून धोबिणी परतल्या,
लंगोट मात्र कोरडाच.
एक चमचा.

रात्री कधीतरी सादियोने पेला हिसकावला,
सांडला, स्वतःवरच रागावली
आणि मोठ्याने रडू लागली.
नियेलेच्या मनगटावर काहीतरी टपकलं.
तिने ते जिभेने चाटून पाहिलं.
खारट.

फोन वाजला.
माकानच्या खोलीत हीटर गुणगुणत होता.
रडतेय का ती? काय झालं?
रडतेय, नियेले म्हणाली,
पाणी येतंय डोळ्यांतून,
ऐक, ऐक ना,
आणि तिने फोन लेकीच्या तोंडाशी धरला.